‘आता रडूही येत नाही’: मुलांच्या आयसीयूतल्या एका सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मुलांच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. 14 वर्षं झाली. गेल्या महिन्यात चार वर्षांचा एक मुलगा 11 दिवस आमच्याकडे होता आणि पहाटे गेला. पूर्वी असं झालं की मी चेंजिंग रूममध्ये जाऊन रडायचे. या वेळी काहीच वाटलं नाही. त्याच्या एकाच पायात मोजा होता. दुसरा मी बराच वेळ शोधला, सापडला नाही. मग बॉडी पॅक केली, पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर दिली आणि डोंबिवलीची गाडी पकडली. घरी आल्यावर मात्र डबा नीट घासला नाही म्हणून मुलीवर इतकी ओरडले की ती घाबरून गेली. ट्रेनमधल्या ग्रुपशी हल्ली बोलत नाही, कानात हेडफोन घालून बसते. झोप लागत नाही. मैत्रीण म्हणते समुपदेशकाकडे जा. पण दिवसभर नातेवाईकांना धीर आम्हीच देतो, ते मला वेगळं काय सांगणार? आणि हॉस्पिटलमध्ये कळलं तर? माझं मन मेलंय का, एवढं तरी सांगा.

उत्तर:

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं तुम्ही त्यानंतरच नीट वाचाल. तुमचं मन मेलेलं नाही. ज्याला खरोखर काही वाटेनासं झालंय तो माणूस दुसरा मोजा शोधत बसत नाही. मोज्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते, तो सापडला नाही म्हणून तुम्हाला कुणी मेमो देणार नव्हतं. त्या लेकराला एका उघड्या पायाने आईच्या हवाली करणं तुमच्या जिवावर आलं होतं. दुःख तिथेच होतं, ते डोळ्यांवाटे आलं नाही इतकंच.

मी 22 वर्षं दादरला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. परळच्या रुग्णालयांमधल्या सिस्टर, निवासी डॉक्टर, महापालिकेच्या आरोग्य सेविका, शाळांमधले समुपदेशक, हिंसाचाराच्या केसेस बघणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या, असे बरेच लोक माझ्याकडे येतात. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्यांनीच मला शिकवलं. उदाहरणांमध्ये ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

आधी रडू न येण्याबद्दल. मुलाचं सॅच्युरेशन घसरत असताना सिस्टरचे हात थरथरून चालत नाहीत. म्हणून मन त्या वेळेपुरतं भावनांचं दार लोटून घेतं. ही सोय चांगली आहे, तिच्यामुळेच मुलं वाचतात. पण 14 वर्षं रोज लोटलेलं दार पुढे पुढे आपोआप उघडेनासं होतं. शिवाय ते एका बाजूने बंद राहत नाही. दुःख बंद झालं की त्याच्याबरोबर मुलीच्या गप्पांमधली मजाही बंद होते, ट्रेनमधल्या बायकांचं हसणं नकोसं होतं. आणि जे वॉर्डात अडकलं ते घरी डब्यावर निघतं, कारण घर ही एकच जागा अशी की तिथे तुम्हाला स्वतःला सावरून बसावं लागत नाही. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मोज्यानंतरची ही हेडफोनची आहे. डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यातला ग्रुप म्हणजे काय हे मला माहीत आहे. चौथ्या सीटवरून भांडणाऱ्या बायकाच पुढे एकमेकींच्या मुलींची लग्नं जमवतात. तिथून तुम्ही उठून गेलात, तेही कुणाला न कळता.

हल्ली या सगळ्याला सरसकट ‘बर्नआउट’ म्हणतात. त्या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे, म्हणून जरा सुटं करून सांगते.

बर्नआउट हा शब्द मुळात मदतीच्या कामातूनच आला. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांचं वर्णन करताना तो वापरला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन अंगं मांडली: भावनिकदृष्ट्या पार रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघायला लागणं आणि आपल्या कामाने काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 या वर्गीकरणात त्याची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, आजार म्हणून नाही. मला ही नोंद फार मोलाची वाटते. कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं नीट हाताळला गेला नाही की ही स्थिती येते, असं त्या व्याख्येतच आहे. म्हणजे ‘तुमचाच स्वभाव हळवा’ असं म्हणून ती तुमच्या एकटीच्या गळ्यात मारता येत नाही.

दुसरी गोष्ट आघाताची. आघात दुसऱ्याचा असतो, पण तो रोज जवळून बघणाऱ्याच्या अंगातही उतरतो. चार्ल्स फिग्ली यांनी 1995 च्या सुमारास यालाच करुणेचा थकवा म्हटलं. ओळखायची साधी खूण सांगते. नुसता थकवा असेल तर चार दिवस गावी गेल्यावर थोडं तरी हलकं वाटतं. आघात असेल तर तो तुमच्याबरोबर गावी येतो. कुकरची शिट्टी झाली की मॉनिटरचा अलार्म वाजल्यासारखं दचकायला होतं, ती पहाट नको असताना डोळ्यांसमोर येते, त्या बेडजवळून जायचं टाळलं जातं. असं होतंय का, हे तुम्ही स्वतःला विचारून बघा.

तिसरीबद्दल जास्त लिहिते, कारण आपल्याकडच्या सिस्टरांना ती सगळ्यात जास्त पोखरते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. अमेरिकेतले नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचारिकांच्या संदर्भातच तिला नाव दिलं. मी तिला नैतिक कोंडी म्हणते. काय करणं योग्य आहे ते तुम्हाला पक्कं कळत असतं, पण जागा, माणसं, सामान किंवा वरचा हुकूम ते करू देत नाही. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक मुलामागे प्रत्येक पाळीत एक सिस्टर हवी, असं निकष सांगतात. तुमच्या वाट्याला किती मुलं असतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण या शहरातल्या माझ्या ओळखीच्या एकाही सिस्टरच्या वाट्याला एकच मूल येत नाही.

एक सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा दोन वर्षं एकच वाक्य मनात घोळवत होत्या, ‘माझ्यामुळे झालं.’ त्या रात्री एकाच वेळी दोन मुलांची तब्येत बिघडली होती. त्या एकाकडे धावल्या. दुसरं मूल वाचलं, पण पुढे त्याला अपंगत्व आलं. धीराच्या चार शब्दांनी हे वाक्य हललं नसतं, ते शब्द त्यांनी स्वतःच शंभर वेळा दुसऱ्यांना ऐकवले होते. आम्ही एक मोठा कागद घेतला आणि त्यावर वॉर्डाचा नकाशा काढला. बेड, क्रॅश कार्ट म्हणजे तातडीच्या सामानाची गाडी, औषधांचं कपाट, फोन. मग ती 12 मिनिटं एकेक करून लिहिली. कितव्या मिनिटाला त्या कुठे होत्या, हातात काय होतं, मावशी कुठे गेल्या होत्या, निवासी डॉक्टर कुठल्या मजल्यावर होते. हे करायला तीन सत्रं लागली. तिसऱ्या सत्रात त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, इथे दोन माणसं लागत होती.’ त्यानंतर त्या रडल्या आणि मग त्यांना राग आला. तो राग यायलाच हवा होता. दोन वर्षं तो राग अपराधीपणाचे कपडे घालून बसला होता. पुढे त्यांनी मनुष्यबळाबद्दल इनचार्जना लेखी दिलं, दोन सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन. लगेच माणसं वाढली असं नाही. पण ‘माझ्यामुळे’ या शब्दाची पकड सुटली.

चौथी शक्यता नैराश्याची आणि ती आजार म्हणूनच बघायची. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास किंवा कोरडं राहतंय, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, एकाग्रता जाते, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं, यातलं बरंच जुळत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच. ‘मीच संपले तर बरं’ असा विचार एकदा जरी डोकावला असेल तर उद्यावर टाकू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. घरातल्या एका माणसालाही सांगा. ज्यांच्या हाताशी रोज औषधं असतात त्यांनी हा विचार एकटीने सांभाळू नये, हे मी कळवळून सांगते.

झोपेबद्दलही स्पष्ट लिहिते. माझ्याकडे आलेल्या अनेक सिस्टर आणि डॉक्टर येण्याआधी कित्येक महिने स्वतःच्याच मनाने झोपेची गोळी घेत होते. डोस माहीत असतो, गोळी मिळते, रात्रपाळीनंतर दिवसा झोप येत नाही. पण अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या अचानक सोडल्या तर त्रास होतो. घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना मात्र सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. याउलट नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांना फुकट बदनाम केलं जातं. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पण झोपेच्या गोळ्यांसारखी चटक त्यांची लागत नाही. थांबवायची तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळूच.

आता तुमचा मुख्य प्रश्न: ते मला वेगळं काय सांगणार?

खरं सांगायचं तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. तुम्हाला माहीत नाही असं एखादं वाक्य माझ्याजवळ असेल आणि ते ऐकून तुम्ही बऱ्या व्हाल, अशी ही गोष्ट नाही. त्या खोलीत तुम्हाला धीर धरावा लागत नाही, एवढाच काय तो फरक, आणि सुरुवातीला तोच सहन होत नाही. मदत करणाऱ्या माणसाला मदत घेताना मी 22 वर्षं बघते आहे. आत आल्या आल्या ती माझ्याकडे बघून विचारते, ‘मॅडम, जेवलात का? थकलेल्या दिसता.’ मग स्वतःबद्दल न बोलता वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरची अडचण सांगते. एक बाई पहिले पाचही वेळा चाळीस मिनिटं झाली की पर्स उचलून उभ्या राहायच्या, ‘तुमचा पुढचा पेशंट बसला असेल.’ सत्र पन्नास मिनिटांचं होतं. सहाव्या वेळी मी म्हटलं, ही दहा मिनिटं तुमची आहेत, काही बोलू नका, नुसत्या बसा. त्या बसल्या. खालून रानडे रोडची वर्दळ ऐकू येत होती. सात-आठ मिनिटांनी त्या म्हणाल्या, ‘मला बसता येत नाही हो.’ आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

‘परदुःख शीतळ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तुमच्या कामातल्या माणसांचं बरोबर उलटं होतं. परक्याचं दुःख चटका देतं आणि स्वतःचं थंड वाटतं. ‘त्या आईचं मूल गेलं, माझं काय गेलं?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते आलं की मी थांबते आणि विचारते, बरं, त्या मुलाबद्दल तुम्हाला काय काय आठवतं? 11 दिवस तुम्ही त्याचं तोंड पुसलंत, लाइन सांभाळलीत, सक्शन केलंत, कदाचित त्याच्या आवडीचं गाणं आईला म्हणायला सांगितलंत. हे नातं नव्हे तर काय? आई-वडिलांचं दुःख करायला घर असतं, नातेवाईक असतात, दहावा-तेरावा असतो. सिस्टरच्या दुःखाला सुतकाचा एक दिवसही मिळत नाही, बेड पुसून तासाभरात पुढचं मूल आलेलं असतं. म्हणून थेरपीत बराच काळ आम्ही राहून गेलेलं दुःख करतो. एकीने आठवतील त्या मुलांची नावं लिहिली, नाव आठवेना तिथे खूण लिहिली: ‘लाल गाडीवाला’, ‘आजीबरोबर आलेली’. वहीची दोन पानं भरली. ती वही त्या बरोबर घरी नेत नव्हत्या, माझ्याकडे ठेवत होत्या.

या नावांवरून एक आठवलं. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास करून इझाबेल मेन्झीस यांनी 1960 च्या सुमारास दाखवून दिलं की पेशंटला नावाऐवजी बेडने किंवा आजाराने ओळखणं, काम बारीक तुकड्यांत वाटणं, सतत बदल्या करणं, या सगळ्या पद्धती नकळत एकाच कामासाठी उभ्या राहतात: जवळ गेल्यावर जी धास्ती वाटते तिच्यापासून माणसाला दूर ठेवण्यासाठी. त्यामुळे धास्ती जाते असं नाही, पण कामातलं समाधान जातं. ‘सात नंबर एक्स्पायर झाला’ असं तोंडून निघालं म्हणून ज्या सिस्टरला स्वतःची किळस आली होती, तिला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. संस्था बोलते तशीच भाषा तिच्या तोंडी बसली होती.

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम शिकवतो. समोरच्याचं दुःख स्वतःच्या अंगात भरून घेणं वेगळं आणि ते कमी व्हावं या ओढीने काही करणं वेगळं. तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत केलेल्या संशोधनात या दोन अवस्थांमध्ये मेंदूची वेगवेगळी जाळी काम करताना दिसली. पहिलीने माणूस दमतो, दुसरीचा सराव करता येतो आणि तिने उभारी येते. तुमच्या बाबतीत सराव म्हणजे तो पायातला मोजा शोधणं. आता मी या मुलासाठी हाताने काय करू शकते, एवढ्यावर लक्ष आणायचं आणि श्वास सोडायचा. हे ऐकायला सोपं वाटतं, जमायला काही आठवडे लागतात. त्या पहाटेची दृश्यं सतत छळत असतील तर आघातावर केंद्रित अशा वेगळ्या पद्धती आहेत, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही त्यातली एक. त्यासाठी तिचं प्रशिक्षण घेतलेलाच माणूस हवा.

माणूस कसा निवडायचा? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारा, त्यात काही गैर नाही. समुपदेशक असेल तर शिक्षण आणि अनुभव विचारा. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: ‘तुम्ही स्वतः सुपरव्हिजन घेता का?’ म्हणजे आपलं काम कुणा ज्येष्ठाला नियमित दाखवता का? मी आजही दर पंधरा दिवसांनी घेते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारी एक तरुण मुलगी आजारपणात गेली, तेव्हा मी तीन आठवडे माझ्या सुपरवायझरना फक्त इतर केसेस सांगत होते. चौथ्या भेटीत त्यांनीच तिचं नाव घेतलं. जे तुम्हाला सांगते आहे ते मला तिथे बसून कळलं.

आणि जो पहिल्याच भेटीत ‘तुम्ही केवढं पुण्याचं काम करता’ म्हणून हात जोडतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी विचार करा. त्याचा हेतू वाईट नसेल, पण कौतुकाने तोंड बंद होतं. 22 मार्च 2020 ला सगळ्या मुंबईने गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. ते मनापासून होतं, मीही वाजवली होती. पुढे कोविड वॉर्डांतल्या सिस्टर येऊ लागल्या तेव्हा कळलं की आपण देवी बनवल्यावर त्यांना ‘मला भीती वाटते’ म्हणायची सोय राहिली नव्हती, ‘मला त्या पेशंटचा राग आला’ म्हणायची तर मुळीच नाही. थेरपीत राग, कंटाळा, ‘लवकर सुटला तर बरं’ असा आलेला विचार, हे सगळं बोलता आलं पाहिजे.

हॉस्पिटलमध्ये कळेल का? तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही सांगू शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 23 ने उपचार देणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. अपवाद मोजके आहेत: कुणाच्या जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश अशा स्वरूपाचे. पहिल्याच भेटीत ते समजावून द्यायला सांगा. वैद्यकीय रजा लागली तर प्रमाणपत्रावर काय लिहिलं जाईल हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. स्वतःच्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला संकोच वाटणं स्वाभाविक आहे. तिथे जाऊ नका, दुसरीकडे जा. केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या ठिकाणी हा विभाग आहे आणि तिथे खासगीसारखा खर्च येत नाही. ठाण्याचं आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, 1990 पासून मराठी माणसांमध्ये काम करतं आहे आणि ते तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. प्रवास नकोच असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा आहे, 2012 पासून तिथले प्रशिक्षित समुपदेशक फोनवरून बोलतात. खासगीत एका भेटीचे हजार-दोन हजार सहज जातात. दर आठवड्याला परवडत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा. आमच्यातले बरेच जण काही सत्रं कमी फीची ठेवतात.

वॉर्डाबद्दल मी गप्प बसू शकत नाही. एका रुग्णालयाने मला ‘ताण व्यवस्थापन’ या विषयावर तासभर बोलायला बोलावलं होतं. रात्रपाळी उतरलेल्या सिस्टरांना थांबवून समोर बसवलं होतं. मी अर्ध्यात थांबले आणि त्यांना घरी झोपायला पाठवा असं सांगितलं. तीन माणसांचं काम एक जण करत असेल तर त्यावर व्याख्यान हा उपाय नाही. मूल गेल्यावर लगेच सगळ्यांना बसवून सक्तीने बोलतं करणं हाही नाही. अशा एकाच बैठकीच्या ‘डीब्रीफिंग’ने पुढचा आघात टळतो असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, काहींना तर त्याचा त्रासच होतो. मदत होते ती साध्या गोष्टींची. ज्या पाळीत मृत्यू झाला त्या पाळीत त्या सिस्टरला दहा मिनिटं बेडपासून सोडवणारं कुणीतरी असावं. चहा मिळावा. ‘ठीक आहेस ना?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं, त्यापेक्षा इनचार्जनी ‘मी पुढचं ॲडमिशन घेते, तू बस’ म्हणावं. आणि महिन्यातून एकदा, ड्युटीच्या वेळेत, ज्यांना यायचं त्यांनी यावं अशी बैठक व्हावी. बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाच्या वकिलांच्या आजारपणानंतर, त्यांच्या स्मरणार्थ, 1997 पासून अशा बैठका सुरू झाल्या. तिथे उपचार बरोबर होते का याची चर्चा होत नाही, त्या पेशंटबरोबर असताना आपल्याला काय वाटलं एवढंच बोलतात. डॉक्टर, सिस्टर, मावशी सगळे एका ओळीत बसतात. इमारत बांधायला लागत नाही, अधिसेविकांची परवानगी आणि एक खोली पुरते. तुमच्या इनचार्ज समंजस असतील तर दोघी-तिघींनी मिळून विचारा, एकटीने नको.

मुलीशी मात्र आजच बोला. तुम्ही किती थकता हे तिला समजावून सांगायला बसू नका, नाहीतर तीही लहान वयात तुमच्यासारखी धीर देणारी होऊन बसेल. ‘त्या दिवशी डब्यावरून ओरडले, तुझी चूक तेवढी नव्हती. कामावर एक वाईट गोष्ट झाली होती. ती सावरायचं काम माझं आहे, तुझं नाही. मी त्यासाठी एका ताईंकडे जाणार आहे.’ इतकं पुरे. घरी आल्यावर अंघोळ होऊन चहा होईपर्यंतची वीस मिनिटं घरच्यांकडून मागून घ्या. त्या वेळात कुणी डबा, फी, पाहुणे यातलं काही काढायचं नाही. आणि आठवड्यातून एक दिवस गाडीत हेडफोन पर्समध्येच राहू द्या. बोलायची सक्ती नाही, कोण कुणाला बाकरवडी देतंय ते नुसतं बघा.

पहिल्या भेटीला येताना काही तयारी करून येऊ नका, मुद्दे लिहून आणू नका. कुठून सुरुवात करू हे कळलं नाही तर मोज्यापासून करा. आणि रात्रपाळी उतरून थेट मात्र येऊ नका. घरी जा, जेवा, झोपा आणि दुपारची वेळ मागा.